खंड पडल्यावर

‘सातत्य’ हा शब्द आमच्या तोंडी फार वर्षे होता. शिक्षकी पेशात असताना तो आम्ही मुलांना ऐकवला आणि लेखणी हाती धरल्यावर स्वतःला. इतक्या वेळा ऐकवला की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, अशी आमची समजूत होऊन बसली. ती समजूत किती पोकळ होती, हे अक्षरओळख नसलेल्या एका माउलीने आमच्याच पडवीत बसून आम्हांला दाखवून दिले. ती हकिगत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. वसईसारखी गजबजलेली धर्मग्रामे इकडे नाहीत. चार कुटुंबे शहरात, दोन या खेड्यात, एक त्या खेड्यात, अशी आमची वस्ती. कोणी कपाशी पेरतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे. मुले शिकली की पुण्याला, नागपूरला, फार तर आखाती देशांत निघून जातात. एकमेकांच्या सुखदुःखाची वार्ता कळायची ती रविवारी मिस्सा संपल्यावर मंदिराच्या दारात, आणि ज्याची एस.टी. चुकली त्याला तीही कळत नसे.

ही उणीव भरून काढावी म्हणून २००६ सालच्या आगमनकाळातील पहिल्या रविवारी आम्ही एक टिपण लिहिले. फुलस्केप कागदाची एक बाजू, आणि तिच्या बारा झेरॉक्स प्रती. पाऊस किती झाला, कापसाला काय भाव मिळाला, कोणाची मुलगी परिचर्येची परीक्षा पास झाली, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाला देवाज्ञा झाली, एवढाच मजकूर. वाङ्मय म्हणावे असे त्यात काही नव्हते. पुढे २०१५ पासून तेच टिपण भ्रमणध्वनीवरून जाऊ लागले आणि पुण्यात, दुबईत असलेली आमची मुले ते वाचू लागली.

शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही लिहायला बसत असू. लिहून झाले की कागद पत्नीच्या हाती जाई. ती चष्मा पुसून वाचायची आणि एखाद्या भारदस्त शब्दावर बोट ठेवून म्हणायची, “अहो, हे खेड्यात कोणाला कळणार आहे?” तो शब्द आम्ही निमूटपणे खोडत असू. चौदा वर्षांत तिने आमची किती विशेषणे खोडायला लावली, याचा हिशेब नाही.

दुसऱ्या एका गोष्टीचा हिशेब मात्र आम्ही चोख ठेवला होता. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर त्याचा क्रमांक असे. तापाने फणफणलेलो असताना आम्ही अंथरुणात बसून लिहिले. मुलीच्या लग्नाच्या दिवशी मांडवात खुर्चीवर बसून लिहिले. एकही रविवार चुकला नाही. कोणी कौतुक केले की आम्ही म्हणत असू, “आमचे टिपण म्हणजे शकुंतला हो! सावकाश, पण येणार म्हणजे येणार.” मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी ही अरुंद रुळांची गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. तिच्या वेगाचे कौतुक कोणी केले नाही, पण तिच्या शिट्टीवर रुळांकाठच्या गावांची कामे चालत. आज ती धावत नाही. गाडी एकदा थांबली की रुळांवर गवत किती लवकर चढते, हे आम्ही पाहिले होते. तरीही स्वतःची तुलना तिच्याशी करताना तेवढे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

टिपणांचा उपयोग काय, हे आम्हांला प्रथम जाणवले ते २०१७ साली. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. यवतमाळचे नाव देशभर झळकले. कॅमेरे आले, गाड्या आल्या आणि काही आठवड्यांत आल्या वाटेने परतही गेल्या. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, त्या घरांत काय चालले आहे ते कोण सांगणार? आम्ही आपल्या परीने आमच्या ओळखीच्या दोन घरांविषयी लिहीत राहिलो.

परतून येणारेही काही असतात, हे येथे नमूद केले पाहिजे. पी. साईनाथ यांनी वर्षानुवर्षे आमच्या जिल्ह्यात येऊन येथील शेतकऱ्यांची घरे वाचकांना दाखवली. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी आमच्याच जिल्ह्यातील एका कापूस उत्पादकाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये ‘रामराव’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. एकदा लिहिणे आणि त्याच दारी पुन्हा जाऊन लिहिणे, या दोहोंतील अंतर अशा कामातून कळते.

मग एप्रिल २०२१ उजाडला. त्या महिन्याविषयी वाचकांना काही सांगावे लागेल, असे नाही. प्रत्येक घराने तो आपापल्या परीने सोसला आहे. आमची पत्नी नऊ दिवसांच्या आजारात गेली. त्या शनिवारी आम्ही लिहायला बसलो नाही. साडेसातशेच्या घरात पोहोचलेली ती मालिका तेथे तुटली.

आता जे सांगायचे आहे, ते सांगताना संकोच वाटतो. लोक म्हणत, “गुरुजी दुःखात आहेत, त्यांना लिहिण्याचा आग्रह करू नका.” पहिले काही महिने ते खरेही होते. पण दिवाळीच्या सुमारास आमचे मन बरेच थाऱ्यावर आले होते. आम्ही वृत्तपत्र वाचत होतो, मंदिरात जात होतो, शेजारच्या मुलांना व्याकरण शिकवत होतो. लिहिता आले असते. तरी लिहिले नाही. कारण दुःखाचे नव्हते. कारण असे होते, की क्रमांक तुटला होता. एकही रविवार न चुकवणारा माणूस ही जी आमची ओळख होती, ती आता राहिली नव्हती. अखंड मालिकेत मोठा खंड पडल्यावर पुढचा आकडा घालून पुन्हा सुरुवात करणे आम्हांला केविलवाणे वाटे. शनिवारची रात्र आली की वही उघडत असू आणि शेवटचा क्रमांक पाहून मिटत असू. लोक ज्याला शोक समजत होते, त्यात अहंकाराचा वाटा मोठा होता. हे कोणाला सांगितले नाही. स्वतःलाही सांगितले नाही.

अशा रीतीने चौदा महिने गेले. जून २०२२ मध्ये, पहिला पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कळंब तालुक्यातील एका खेड्याहून आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई आमच्या घरी आली. लुगड्याच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या तिने ताटलीत ओतल्या, पाणी प्याली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली,

“गुर्जी, पोरगी पुन्याहून फोनवर वाचून दाखवे मले. साऱ्याईचं आयकलं. माह्या पोराचं काहून नाही लेहलं तुमी?”

तिचा मुलगा त्याच एप्रिलात गेला होता. आम्हांला ते ठाऊक होते. आम्ही पुटपुटलो, “माय, त्या दिवसांत आमच्याही घरी तसेच झाले होते. लिहिणेच बंद पडले.”

ती म्हणाली, “ठावं हाय मले. बाईसाठी लय रडली मी. पन मातीले चार जन होते, गुर्जी. मीबी नोती. म्हटलं, गुर्जी लेहतीन, तवा साऱ्याईले समजन.”

आम्ही मान खाली घातली. तिच्या मुलाच्या अंत्यविधीला त्या दिवसांत फारसे कोणाला जाता आले नव्हते. हात धरायला कोणी नाही, मूठभर माती टाकायला कोणी नाही. सगळ्यांनी मिळून त्याचे नाव घेण्याची जी एकच जागा उरली होती, ती आमचे टिपण होते. ती जागा आम्ही चौदा महिने बंद ठेवली होती. सुरुवातीला ती दुःखामुळे बंद होती आणि मग एका आकड्यासाठी.

आम्ही तेथल्या तेथे वही काढली. मुलाविषयी विचारले. ती सांगत गेली, आम्ही लिहीत गेलो. सात ओळींचे टिपण झाले. त्याचे वय, शेतातील त्याची विहीर, त्याची शीळ घालण्याची सवय आणि त्याच्या मागे हंबरत येणारा पांढरा बैल. तिला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, “बैल पांढरा नोता. तांबडा होता.” आम्ही ‘पांढरा’ खोडून ‘तांबडा’ केले. तिने मान हलवली. “आता बराबर झालं.”

विशेषण खोडायला लावणारे कोणीतरी चौदा महिन्यांनी आम्हांला पुन्हा भेटले होते. त्या रात्री टिपण पाठवताना आम्ही माथ्यावर क्रमांक घातला नाही. केवळ तारीख घातली.

त्यानंतर आमच्या मनात एक जुनी आठवण सारखी येऊ लागली. आमच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असे. हातात टकळी आणि पेळू. कापसाच्या जिल्ह्यातील मुले आम्ही, पण सूत आमचे घडोघडी तुटे. तुटले की आम्ही रडकुंडीला येत असू. मास्तर रागावत नसत. पेळूतील चार तंतू मोकळे करून ते तुटलेल्या टोकावर ठेवायचे, पीळ द्यायचा आणि पुढे कातायचे, एवढेच ते दाखवत. कधीही न तुटलेले सूत त्यांनी कोणाकडे मागितले नाही. टोक हरवू नका, एवढीच त्यांची शिस्त होती. पन्नास वर्षांनी त्या तासाचा अर्थ आम्हांला कळत होता.

मग आम्ही आपल्या परंपरेकडे नव्याने पाहू लागलो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. परक्या भाषेत सुमारे अकरा हजार ओव्या रचण्याइतकी साधना त्या सदतीस वर्षांत झाली. येथवरची कथा आपण नेहमी सांगतो. पुढची कथा क्वचितच सांगतो. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या आणि त्यानंतर छपाई थांबली. १६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज शासनाने लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले गेले ते १९०७ मध्ये, मंगळूर येथे, जोसेफ सालढाणा यांच्या संपादनाखाली. आणि देवनागरीत आले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या प्रयत्नाने. मधली अडीचशे वर्षे हा ग्रंथ कोणी जपला? हस्तलिखिते उतरवून घेणाऱ्या, घराघरांत तो वाचणाऱ्या माणसांनी. त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. टोक हरवू न देणारी ती माणसे नसती, तर सालढाणांच्या हाती जोडायला काय उरले असते?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ घ्या. १९१९ मध्ये ते निवर्तले तेव्हा जेमतेम साडेदहा अध्याय लिहून झाले होते. कोणी म्हटले असते, महाकाव्य अपुरे राहिले, संपले. लक्ष्मीबाई शाळेत शिकल्या नव्हत्या. अक्षरे गिरवली ती लग्नानंतर. त्यांनी पतीच्या साडेदहा अध्यायांपुढे स्वतःचे चौसष्ट अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’साठी आपण त्यांना नेहमी आठवतो. पण तुटलेल्या टोकावर आपले तंतू ठेवण्याचे हे त्यांचे कामही तेवढेच आठवण्याजोगे आहे.

आणि दूर कशाला जावे? आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले. नाव लोकमान्य टिळकांनी दिलेले. ते पत्र पुढे बंद पडले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी तेच नाव घेऊन ते यवतमाळातूनच पुन्हा सुरू केले आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपूरहून त्याचे दैनिक झाले. स्वतः बापूजींचे आयुष्य राजकारणात गेले. सत्याग्रह, तुरुंग, व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, बिहारचे राज्यपालपद. लेखनाला सलग वेळ कोठून मिळणार? तरी उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हा त्यांचा ग्रंथ तीन खंडांचा आहे. त्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बापूजी १९६८ मध्येच गेले होते.

या सर्वांत कोणाचीही मालिका अखंड नव्हती. खंड पडला, आणि कोणीतरी पुन्हा बसले. आम्ही ज्याला सातत्य म्हणत होतो, ते न चुकण्याचे कौतुक होते. खरे सातत्य चुकल्यानंतर सुरू होते. अखंडपणाचा अभिमान बाळगणारा माणूस पहिल्या खंडातच थांबतो, कारण त्याने जे जपले होते ते तुटलेले असते. ज्याने वाचणाऱ्याची वाट जपली, त्याचे काहीच तुटत नाही. वाचणारा अजून वाट पाहतच असतो.

त्या जूननंतर आम्ही घरोघर फिरलो. चौदा महिन्यांत कोण गेले, कोण जन्मले, विचारून घेतले. अकरा मृत्यू निघाले. दर रविवारी एक, याप्रमाणे अकरा रविवार आम्ही त्यांच्याविषयी लिहिले. एवढे ऋण फेडायचेच होते. बाकी चुकलेल्या टिपणांची भरपाई करण्याच्या फंदात पडलो नाही. गेलेला रविवार परत लिहिता येत नाही. हा रविवार लिहिता येतो.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः लिहिते आहेत. कोणी दैनंदिनी लिहितो, कोणी मासिकांसाठी कविता, कोणी नव्या माध्यमांतून लिहितो. त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातील चार गोष्टी सांगतो.

माप लहान ठेवावे. पूर्वी आम्ही पानभर लिहीत होतो, आता सात ओळी ठरवल्या आहेत. सात ओळी आजारपणातही होतात. वेळ मात्र ठरलेली असावी. आमची शनिवारची रात्र आजही तीच आहे, फक्त कागद घेणारा हात समोर नाही. स्फूर्तीची वाट पाहू नये. कपाशीची सगळी बोंडे एकाच दिवशी फुटत नाहीत; जेवढी फुटली तेवढी वेचायची आणि पुढच्या वेच्याला पुन्हा शेतात जायचे. म्हणून आठवडाभर खिशातल्या छोट्या वहीत एकेक ओळ टिपून ठेवतो, म्हणजे शनिवारी कोठार अगदीच रिकामे नसते. किती जणांनी वाचले, हे पाहण्याचाही मोह टाळावा. फोनवरच्या त्या निळ्या खुणा आम्ही एकेकाळी मोजत होतो. जी माउली चौदा महिने वाट पाहत होती, तिची एकही खूण आमच्या फोनवर कधी उमटली नव्हती. आणि खंड पडलाच, तर लांबलचक सबबी सांगू नयेत. ‘इतके दिवस लिहिले नाही, आज लिहितो’, एवढे एक वाक्य पुरते. वाचक सबबी मागत नाही, तो पुढची ओळ मागतो.

शेवटची गोष्ट आम्ही लक्ष्मीबाईंकडून शिकलो. आपल्यानंतर कोणीतरी बसेल, अशी तजवीज करावी. आमच्या धर्मग्रामातील बारावीत शिकणारी एक मुलगी गेल्या वर्षापासून महिन्यातून एक टिपण लिहिते. तिचे शुद्धलेखन जरा कच्चे आहे, पण घरोघर जाऊन विचारण्याची तिला हौस आहे. परवा तिने लिहिलेल्या टिपणात ‘पर्जन्यवृष्टी’ असा शब्द होता. आम्ही त्यावर बोट ठेवले आणि नकळत म्हणालो, “हे खेड्यात कोणाला कळणार आहे?” तिने तो खोडून ‘पाऊस’ लिहिले.

आज शनिवार आहे. जेवणे आटोपली आहेत. हा लेख येथेच थांबवून आम्हांला आता सात ओळी लिहायच्या आहेत. त्यांच्या माथ्यावर उद्याची तारीख असेल.